अनशापोटी

"आपलं सहकार्य शंभर टक्के आहे, परंतु आपल्या शरीराचा प्रतिसाद शून्य आहे," असं शैलाक्का जंगमांना त्यांच्याच चहाच्या दुकानात, दहा-बारा गिऱ्हाइकांदेखत, एका डबीनं सुनावलं. डबी औषधाची होती, बोलकी होती, आणि तिचा आवाज लग्नातल्या करवलीसारखा गोड होता. पुढं ती म्हणाली, "येत्या चौदा तारखेला सकाळी साडेनऊ वाजता आपली कडं बसवण्याची शस्त्रक्रिया निश्चित झाली आहे. अभिनंदन!"

"अभिनंदन कसलं गं, सटवे?" शैलाक्का कडाडल्या. "माझ्या छातीत लोखंड घालणार, आणि वर अभिनंदन?"

बाकड्यावर बसलेले इस्माईलभाई सतारमेकर खो खो हसले. मिरजेत पाच पिढ्या तंबोऱ्याचे भोपळे तासणारं घराणं. दिवसभर भोपळ्यावर ओणवं होऊन त्यांच्याही घशाशी आंबट पाणी येई. "अक्का, माझंबी चौदालाच हाय," ते म्हणाले. "दोघं मिळून जाऊ. रिक्षा एकच करू."

"तुम्ही जावा. मी येत न्हाई."

"येत न्हाई म्हणून कसं चालंल? नाव कापत्यात योजनेतनं."

तेवढं मात्र खरं होतं. नकार दिला की आरोग्य योजनेतून नाव कमी होई, आणि मग शैलाक्कांची साखरेची गोळी, गुडघ्याचे उपचार, सगळंच बंद. आणि होकार दिला तर चौदाला टेबलावर आडवं व्हायचं. हातात होते बारा दिवस.

आता हे कडं काय, नि शून्य प्रतिसाद काय, ते नीट सांगायला हवं. ज्या काळातली ही गोष्ट आहे त्या काळात पित्ताच्या पेशंटला 'काय होतंय' असं कोणी विचारत नसे. अन्ननलिका जिथं जठराला मिळते, तिथून चार बोटं वर, आतल्या अंगाला एक मणी चिकटवलेला असे. तांदळाच्या दाण्याएवढा. जठरातलं आम्ल वर उसळलं की मण्याला कळे. दर चार सेकंदांनी तो मोजमाप घेई आणि 'पथ्यमित्र' नावाच्या संगणकप्रणालीला कळवी. पथ्यमित्र लाखो पेशंटांच्या आकड्यांवरून ठरवी की कुणाला गोळी एकदा, कुणाला दोनदा, कुणाला दुप्पट. एवढं करूनही मणी आम्लच दाखवत राहिला, तर शेवटचा उपाय कडं. बारीक चुंबकांची ओवलेली साखळी, अन्ननलिकेच्या तळाशी बसवलेली. घास आला की उघडायची, घास गेला की मिटायची. म्हणजे आम्ल वर यायला वाटच नाही. युक्ती काही वाईट नव्हती. ज्यांना खरी गरज होती अशा कितीतरी माणसांना त्या कड्यानं पुन्हा सुखाची झोप दिली होती.

पण शैलाक्कांचं म्हणणं एवढंच होतं, की मी रोज वेळेवर गोळी घेते, दीड वर्ष घेते, मग ती गेली कुठं? आणि मला कुणी विचारायचं तरी, की नाही?

आणखी एक गोष्ट त्यांना डाचत होती. ह्या डबीचं मराठी त्यांच्या लेकीनं लिहिलं होतं. प्रणिता पुण्यात त्याच कंपनीच्या भाषा विभागात होती. डबी दुकानात आली तेव्हा शैलाक्का येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत, "बोलतीय ती, पण बोल माझ्या पोरीचे हायत." आता त्याच बोलांनी त्यांना चारचौघांत शून्य ठरवलं होतं.

शनिवारी प्रणिता आली. आईनं तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. "दाखव मला," म्हणाल्या.

"काय दाखवू?"

"तो मणी माझ्याबद्दल काय काय चुगल्या करतोय ते. आलेख का काय म्हणता तो."

प्रणितानं संगणकाचा पडदा उलगडला. महिनाभराचे दिवस एकाखाली एक मांडलेले. प्रत्येक दिवसाची तांबडी रेघ पहाटेपासून दुपारपर्यंत नुसती उसळ्या मारत होती. शैलाक्का चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बोट फिरवत गेल्या आणि एका जागी थांबल्या. तीस रेघांमध्ये एक रेघ फिकट, राखाडी होती. आणि जवळजवळ सपाट.

"हे काय?"

"ते सोड आई. तो अपवाद आहे. एखाद्या दिवशी मोजमाप चुकतं. पथ्यमित्र असे दिवस हिशेबात धरत नाही."

"कुठली तारीख?"

"गेल्या महिन्याची तीन."

शैलाक्कांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाल्या, "तीन तारखेला मी जयसिंगपूरला हुते. वन्संच्या सुनेचं डोहाळजेवण हुतं. त्या दिवशी माझी छाती जळली न्हाई. मला चांगलं आठवतंय, मी दोन करंज्या जास्त खाल्ल्या. तो दिवस चुकीचा कसा? तिसातला एकच दिवस मी सुखानं काढला, आणि नेमका तोच तुमी टाकून दिला व्हय?"

"आई, यंत्राला नमुना लागतो. एकोणतीस दिवस एकसारखे असले, तर तिसावा..."

"यंत्राचं ऱ्हाऊ दे. तू सांग, त्या दिवशी येगळं काय झालं?"

पोरगी हुशार होती. चिडली, पण बसली. दोघींनी मिळून तो दिवस आठवून काढला. पहाटे वन्संच्या घरात दूध नासलेलं. त्यामुळं चहा नाही. डबी वाजली तशी अक्कांनी पाण्याबरोबर गोळी घेतली. अर्ध्या तासात वन्संनी गरम उप्पीट पुढं ठेवलं. तेवढ्यात दूध आलं, मग चहा झाला. बस्स.

"आणि रोज?" प्रणितानं विचारलं.

"रोज काय? पाचला दुकान. पहिलं आधण उतरलं की घोटभर चाखायचं. चहावालीनं चाखला न्हाई तर गिऱ्हाइकाला काय देणार, माती? मग साडेपाचला तुझी डबी इचारती, 'आपण अनशापोटी आहात का?' मी म्हणते, व्हय बाई. ती उघडती, मी गोळी घेते. मग दर आधणाला घोटभर. अकरा वाजता गर्दी हटली की भाकरी."

प्रणितानं पडदा बाजूला ठेवला.

"म्हणजे गोळीआधी तू चहा पितेस?"

"घोटभर."

"किती घोटभर?"

"असंल की कपभर."

"मग डबीला अनशापोटी म्हणून का सांगतेस?"

"अगं, अनशापोटीच असते की मी!" शैलाक्कांना खरोखरच नवल वाटलं. "चहा म्हणजे काय खाणं झालं का?"

प्रणितानं कपाळाला हात लावला. मण्याला आम्ल कळत होतं, घोट गेल्याचं कळत होतं. गरम-गार कळत नव्हतं आणि चव तर मुळीच कळत नव्हती. गोळीआधीच्या घोटांना पथ्यमित्र पाणी समजत होता आणि नंतरच्या घोटांना न्याहारी. दीड वर्ष शैलाक्का चहा पीत होत्या, आणि यंत्राच्या दप्तरी त्या पाणी पिऊन, गोळी घेऊन, वेळेवर न्याहारी करणाऱ्या आदर्श पेशंट होत्या.

"पण शब्द बरोबर आहे आई," प्रणिता म्हणाली. आवाजात धार आली होती. "अनशापोटी म्हणजे काहीही न खाता-पिता. शब्दकोशात बघ."

"शब्दकोशात चहा पिणारी माणसं ऱ्हातात काय गं? अख्ख्या मिरजेत इचारून ये. चहा घेऊन सगळी अनशापोटीच असत्यात!"

सोमवारी दोघी दवाखान्यात, कडं बसवणाऱ्या डॉक्टर उपाध्यांकडं गेल्या. त्यांनी आलेख पाहिला, राखाडी रेघेवर बोट ठेवलं, आणि खुर्ची पुढं ओढून घेतली.

"मावशी, गिळताना घास अडकतो का?"

"न्हाई."

"शौचाला काळं होतं? उलटीतून रक्त? वजन उतरलंय?"

"वजन उतरलं असतं तर पेढे वाटले असते, डाक्टरसाहेब."

डॉक्टर हसले. दिवाळीत दुर्बीण घालून तपासणी झालेली, तीही स्वच्छ. मग त्यांनी कागद घेतला आणि जठर काढून दाखवलं. जठराच्या भिंतीत आम्ल सोडणारे अगणित सूक्ष्म पंप असतात. एरवी त्यातले बरेचसे झोपलेले, जेवण आलं की जागे होतात. ही गोळी म्हणजे त्या पंपांना लावायचं कुलूप. पण हे कुलूप फक्त जाग्या पंपाला बसतं, झोपलेल्याला बसत नाही. गोळी आतड्यात विरघळून रक्तातून पंपापर्यंत यायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तास-दोन तासांत ती रक्तातून निघूनही जाते. म्हणून गोळी आधी, रिकाम्या पोटी, आणि अर्ध्या-पाऊण तासानं खाणं. म्हणजे पंप जागे होतात तेव्हा कुलूप दारात हजर.

"तुमचं काय होतंय, दुधासाखरेचा चहा गोळीच्या आधीच जातो. त्यानं गोळी पुढं सरकायला उशीर, आणि खरं जेवण अकराला. तोवर औषध संपलेलं. संध्याकाळच्या गोळीचंही हेच असणार."

"म्हणजे नुसतं अनशापोटी घेऊन भागत न्हाई? नंतर खायलाबी लागतं?"

"लागतंच."

"मग हे कोण सांगणार हुतं?" शैलाक्का लेकीकडं न बघता म्हणाल्या. प्रणिता खाली बघत होती.

डॉक्टर म्हणाले, "मी. पूर्वी मी प्रत्येकाला विचारायचो, सकाळी उठल्यापासून काय काय करता. आता डबी विचारते, म्हणून सोडून दिलं."

"तर मग कडं रद्द करा."

"यादी पथ्यमित्र लावतो, मावशी. मी सही करतो, इतकंच. पण आठ-दहा दिवस हे करून बघायला माझी काही हरकत नाही. एक सांगून ठेवतो, रागाच्या भरात गोळी एकदम बंद करायची नाही. दबलेले पंप दुप्पट उसळतात. गोळी अख्खी गिळायची, चावायची नाही. किती घ्यायची तेही मनानं बदलायचं नाही. फक्त वेळ बदला."

दुसऱ्या दिवसापासून शैलाक्कांनी पदर खोचला. डबीची वेळ पाचवर आणली; पाचला पाणी आणि गोळी. साडेपाचला दुकानाच्या मागच्या फळीवर बसून भाकरी नि शेंगदाण्याची चटणी. मग चहा. संध्याकाळीही तसंच, जेवणाआधी अर्धा तास. सांगायला सोपं आहे हो. बत्तीस वर्षं पहिल्या आधणाचा घोट घेतलेल्या बाईला, तोंडासमोर चहा उकळत असताना अर्धा तास कोरडं राहायचं म्हणजे काय! दोन दिवस त्यांचं डोकं ठणकलं. चाखायची सोय नाही, म्हणून साखर अंदाजानं. पहिल्या दिवशी चहा गोडमिट्ट, दुसऱ्या दिवशी फिक्का. गिऱ्हाइकं कुरकुरली.

"अक्का, आज साखर रजेवर हाय काय?" इस्माईलभाईंनी विचारलं.

"तुमीबी करून बघा की हे. पहिली गोळी, मग न्याहारी, मग चहा."

"चहा सोडू? तू चहावाली हायस का वैरीण? आन गोळी मी कधी चुकवत न्हाई. रोज घेतो, चांगली चावून चावून घेतो."

शैलाक्कांनी हात टेकले.

तिसऱ्या दिवशीही जळजळ होतीच. चौथ्याला कमी. सहाव्या दिवशी त्या दुपारी जेवून पाऊण तास खुर्चीत टेकल्या आणि घशाशी काही आलं नाही. आठव्या दिवशी त्या तीन उशा सोडून एका उशीवर झोपल्या, आणि सकाळी उठून एकट्याच हसल्या. फोन लावून लेकीला म्हणाल्या, "बघ आता तुझा आलेख!"

प्रणितानं बघितला. आठ रेघांपैकी पहिल्या चार उतरत गेलेल्या, पुढच्या चार सपाट. आणि त्या चारही राखाडी. खाली पथ्यमित्राचा निर्वाळा होता: सलग चार अपवाद. मणी सदोष असण्याची शक्यता. कडं बसवतानाच मणी बदलण्यात येईल.

हे ऐकून शैलाक्का असल्या भडकल्या की फोन चुलीत जायचा तेवढा वाचला.

तेराला प्रणिता पुन्हा मिरजेला आली. चेहरा उतरलेला. "आई, ऐक. मी एक करू शकते. तुझ्या नोंदीत मणी सदोष आहेच असं लिहून टाकते. म्हणजे तुझं नाव यादीतून गळेल, योजनाही राहील. कुणाला काही कळणार नाही."

"आणि इस्माईलभाईंचं?"

"त्यांचं मी कसं करणार?"

"तुमच्याकडं असली गोळीला दाद न देणारी माणसं किती हायत?"

प्रणितानं आवाज खाली आणला. "मराठीतून उत्तरं देणाऱ्यांत इतर भाषांच्या तिप्पट. कंपनीत सगळ्यांना वाटतंय की इथल्या लोकांच्या शरीरातच काहीतरी आहे. आई, तो प्रश्न मी लिहिलाय. हे बाहेर आलं तर माझं काय होईल, कळतंय का तुला?"

शैलाक्कांना पोरीची दया आली. जवळ घ्यावंसं वाटलं. पण त्या जागच्या हलल्या नाहीत. "कळतंय की. पण चोरून सुटायला मी काय चोरी केलीय? मी उद्या जाणार. समोरच्या दारानं जाणार आणि समोरच्या दारानं परत येणार."

चौदाला दवाखान्याच्या दालनात हिरवे झगे घालून बाराजण बसले होते. इस्माईलभाई त्यांत तिसरे. शैलाक्का मात्र इरकल नेसून, अंबाड्यात अबोली माळून आल्या होत्या. त्या थेट भिंतीवरच्या पथ्यमित्राच्या पडद्यापुढं उभ्या राहिल्या. "मी शैला जंगम. मी कडं बसवून घेणार न्हाई."

"नकाराचं कारण निवडा," पडदा गोड आवाजात म्हणाला. "भीती. घरगुती अडचण. धार्मिक कारण."

"ह्यातलं एकबी न्हाई. लिही. मी औषध चुकीच्या वेळी घेत हुते, आणि तुमी मला धड इचारलं न्हाई."

"हे कारण उपलब्ध नाही. कृपया तीनपैकी एक निवडा."

"निवडत न्हाई, जा!"

दालनातले सगळे बघू लागले. शैलाक्का वळल्या. "काय ओ, गोळीआधी चहा कोण कोण घेतं?"

एक हात वर होईल तर शपथ. "छे, छे, आमी अनशापोटीच घेतो," एक बाई म्हणाल्या. बाकीच्यांनी माना डोलावल्या. दाराशी उभ्या प्रणिताला धडकी भरली. आईचा सगळा डाव इथंच फसला, असं तिला वाटलं.

शैलाक्कांनी पदर सावरला. मग त्या बाईंच्या शेजारी जाऊन बसल्या आणि दुकानात विचारावं तशा सहज म्हणाल्या, "सकाळचा पहिला चहा किती वाजता हो तुमचा?"

"साडेपाचला. उठल्या उठल्या लागतोच."

"आणि गोळी?"

"सहाला." बाईंचा हात तोंडावर गेला. "अगं बाई."

"तुमचा?"

"सहाला चहा, साताला गोळी... च्यायला!"

शैलाक्का रांगेनं विचारत गेल्या. एकजण गोळी दुधातून घेत होता. एकीची न्याहारी दुपारी बाराला. इस्माईलभाई काही न विचारताच म्हणाले, "दोन कप. आन वर चावून." बारांपैकी नऊजण निघाले. दालनात एकच गलका झाला. गोंधळ ऐकून डॉक्टर उपाध्ये टोपी-मास्कसकट बाहेर आले.

तेव्हा प्रणिता दारातून पुढं आली. "तो प्रश्न मी लिहिलाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "डबी रोज तुम्हाला विचारते तो. माझं चुकलं. यंत्रानं तुमच्या 'हो'वर विश्वास ठेवला, आणि मी शब्दावर. काल मी हे कंपनीला कळवलं. त्यांनी मला गप्प बसायला सांगितलं. आज मी इथं सगळ्यांदेखत सांगतेय."

शैलाक्कांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही.

डॉक्टरांनी मास्क खाली ओढला. राहिलेल्या तिघांचे कागद त्यांनी पुन्हा चाळले. त्यांच्यातल्या दोघांना गोळी नीट घेऊनही महिनोन् महिने आम्ल घशाशी येत होतं, त्यांची पूर्ण तपासणी झाली होती आणि त्यांना कडं खरोखर हवं होतं. "तुम्ही दोघं आत चला, तुमचं आजच करू," ते म्हणाले. तिसऱ्याला पुन्हा तपासायला थांबवलं. मग बाकीच्या नऊजणांपुढं एक स्टूल ओढून बसले आणि खिशातून पेन काढलं. "ह्यांच्या यादीवर मी सही करत नाही. इस्माईलभाई, तुमच्यापासून सुरुवात. सकाळी उठल्यापासून सांगा."

पडदा पुन्हा बोलला. "पुढील रुग्ण, इस्माईल सतारमेकर. कृपया आत या."

कोणी हललं नाही.

"इस्माईल सतारमेकर. ही दुसरी सूचना आहे. गैरहजर राहिल्यास योजनेतून नाव कमी करण्यात येईल."

इस्माईलभाईंनी हिरव्या झग्याची नाडी सोडली, झगा घडी करून मांडीवर ठेवला, आणि मान न वळवता पडद्याला म्हणाले, "थांब गं जरा. डाक्टर बोलायलेत."